कंपनी-फिटेड नॅव्हिगेशन: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

बहुतेक घरांनी कंपनी-फिटेड नॅव्हिगेशनसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीला बऱ्यापैकी टचस्क्रीन असावा आणि त्यावर अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले दोन्ही चालावीत, एवढं पुरेसं आहे. मग खिशातला मोबाईलच वाट दाखवतो, आणि चांगली दाखवतो. काही जणांनी मात्र कंपनीचंच नॅव्हिगेशन घ्यावं. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आधी पैशांचं बघू, कारण या सोयीची किंमत शोरूमच्या कोटेशनवर सहसा कुठेच वेगळी लिहिलेली नसते.

आपल्याकडे नॅव्हिगेशन बहुतेक वेळा सुटं मिळत नाही. ते वरच्या व्हेरियंटमध्ये सनरूफ, अलॉय व्हील, मोठा स्क्रीन, चांगले स्पीकर यांच्यासोबत एका गठ्ठ्यात येतं. 'फक्त ऐंशी हजारांचा फरक आहे' असं सेल्समन सांगतो, तो फरक एक्स-शोरूम किमतीतला असतो. खिशातून जातात ते ऑन-रोड पैसे. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स लागतो. हा टक्का गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो, वाढलेल्या रकमेपुरता नाही.

समजा, खालचं व्हेरियंट ९ लाख ८० हजारांचं आहे आणि वरचं १० लाख ६० हजारांचं. खालच्याचा टॅक्स होतो १,०७,८०० रुपये. वरचं दहा लाखांची रेषा ओलांडतं, म्हणून त्याला १२ टक्के लागून टॅक्स होतो १,२७,२०० रुपये. म्हणजे ऐंशी हजारांच्या फरकावर १९,४०० रुपये नुसता टॅक्स वाढला. विम्याचा हप्ताही थोडा वाढणार. दहा लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएसही भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण गाडी घेताना हातातून जातोच. हे वरचे पैसे कर्जातून भरायचे असतील तर ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी लाखाला महिना सुमारे २,०७६ रुपये हप्ता पडतो, पाच वर्षांत मिळून जवळजवळ साडेचोवीस हजार व्याज. ऐंशी हजार म्हणता म्हणता सव्वा लाख होतात ते असे.

म्हणून वरचं व्हेरियंट बघताना मनातल्या मनात त्यातून नॅव्हिगेशन काढून टाका. जे उरतं त्यासाठी तुम्ही एवढे पैसे दिले असते का? सहा एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, मागचा वायपर, मागचा कॅमेरा यांतलं काही खालच्या व्हेरियंटमध्ये नसेल आणि वरच्यात मिळत असेल, तर जरूर वर जा. ती सुरक्षितता आहे आणि तिच्यावर खर्च झालेले पैसे वाया जात नाहीत. फक्त नकाशासाठी वर जाऊ नका.

नकाशा कुठून येतो आणि कधी शिळा होतो

नॅव्हिगेशन चालायला तीन गोष्टी लागतात. गाडी आत्ता कुठे आहे हे उपग्रह सांगतात. जीपीएसचे संकेत फुकट असतात आणि त्यांना इंटरनेट लागत नाही; आपल्या इस्रोची नाविक प्रणालीही याच कामासाठी आहे. दुसरा नकाशा. तिसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरची गर्दी, जी मुख्यतः त्याच रस्त्यावरून चाललेल्या इतर लोकांच्या मोबाईलवरून कळते. कंपनीच्या नॅव्हिगेशनमध्ये पहिली गोष्ट पक्की असते, दुसरी गाडीच्या मेमरीत किंवा एसडी कार्डात भरून दिलेली असते, आणि तिसरी गाडीत सिम असेल आणि त्याची वर्गणी चालू असेल तरच मिळते. भारतातल्या कितीतरी गाड्यांमधला नकाशा मॅपमायइंडियाचा असतो. ही १९९५ मध्ये सुरू झालेली दिल्लीची कंपनी. तिचंच मॅपल्स हे ॲप मोबाईलवर फुकट मिळतं, तेव्हा त्या नकाशासाठी टॉप मॉडेल घ्यायची गरज नाही.

खरी अडचण दुसऱ्या गोष्टीत आहे. महाराष्ट्रातले रस्ते गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने बदलले, त्या वेगाने गाडीतलं कार्ड बदलत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पुढे २०२३ मध्ये भरवीरपर्यंत, २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा झाल्यावर ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि मार्चमध्ये मुंबईचा कोस्टल रोड सुरू झाला. २०२२ च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीतला नकाशा त्यानंतर कुणी अपडेट केलाच नसेल, तर त्याच्या लेखी यांतला एकही रस्ता अस्तित्वात नाही. अशी गाडी समृद्धीवर चढली की स्क्रीनवरचा बाण शेतातून धावताना दिसतो आणि आवाज सांगत राहतो, 'यू-टर्न घ्या.'

पुण्यातला चांदणी चौक हे याचं आणखी बोलकं उदाहरण. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. कोथरूड, बावधन, मुळशी, सातारा, मुंबई अशा दिशांना जाणारे रॅम्प जवळजवळ आहेत. एक चुकला की परत त्याच जागी यायला लांबचा वळसा पडतो. अशा चौकात नकाशा नुसता ताजा असून भागत नाही. कोणत्या लेनमध्ये राहायचं हे त्याने दोन-तीनशे मीटर आधी सांगायला हवं.

गावांची नावंही बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या नकाशात नवं नाव टाकलं आणि काहीच सापडलं नाही, तर गाडी बिघडली असं समजू नका. जुनं नाव टाकून बघा. तेव्हा सापडलं, तर त्या नकाशाचं वय आपोआप कळतं.

अपडेटचे प्रकार तीन. गाडीतल्या सिमवरून आपोआप येणारं अपडेट सगळ्यात सोयीचं. पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन स्वतः टाकायचं ते दुसरं. एसडी कार्ड किंवा गाडीच सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते ते तिसरं, आणि हेच वर्षानुवर्षं राहून जातं. कुठे अपडेट काही वर्षं फुकट असतं, कुठे पैसे पडतात. सिमवर चालणाऱ्या कनेक्टेड सेवांना साधारणपणे सुरुवातीची काही वर्षं वर्गणी नसते, नंतर ती दरवर्षी भरावी लागते. गाडी आपण आठ-दहा वर्षं वापरतो. म्हणून 'तीन वर्षं फ्री' ऐकलं की चौथ्या वर्षाचा आकडा विचारायचा, आणि तो आजच्या कोटेशनवर लिहून घ्यायचा.

गाडीतलं सिम ज्या मोबाईल नेटवर्कवर चालतं तेही कायमचं नसतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टी कंपनीने थ्रीजी बंद केलं, तेव्हा कितीतरी चालत्या-फिरत्या गाड्यांच्या ऑनलाइन सोयी कायमच्या थांबल्या. इंजिन ठणठणीत होतं, पण आतलं मोडेम कालबाह्य झालं होतं. मोबाईल आपण चार-पाच वर्षांनी बदलतोच. गाडीतलं मोडेम बदलायला सहसा कुणी जात नाही.

कुणी घ्यावं

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघावं. बॅटरीत किती चार्ज उरला आहे, घाट चढताना किती उतरेल, वाटेतला चार्जर कुठे आहे, हा हिशेब गाडीच्या आतल्या नॅव्हिगेशनला नीट मांडता येतो, कारण बॅटरीची माहिती त्याच्या हाताशी असते. साध्या अँड्रॉइड ऑटोवरच्या नकाशाला ती मिळेलच असं नाही. पुण्याहून महाबळेश्वर किंवा नागपूरहून पचमढी असे प्रवास वरचेवर असतील, तर इलेक्ट्रिक गाडीत इनबिल्ट नॅव्हिगेशनला पैसे देणं मला रास्त वाटतं. टेस्लासारख्या गाडीत तर निवडच नाही. तिथे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले मिळतच नसल्यामुळे आतला नकाशा चांगला असणं ही गरज ठरते.

दुसरे, ज्यांचं काम नेटवर्क नसलेल्या भागात असतं. भामरागड, मेळघाट, ताम्हिणी, वरंध, आंबोली, चोर्ला या बाजूंना रोज फिरणारे डॉक्टर, अभियंते, वैद्यकीय प्रतिनिधी. गाडीत भरलेला नकाशा रेंजवाचून चालतो, आणि घाटात पाऊस कोसळत असताना याची किंमत कळते. पण हेच काम मोबाईलवरही होतं. गूगल मॅप्समध्ये निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवता येतो. गर्दीची माहिती मिळत नाही, रस्ता मिळतो. ही सवय लावून घेणाऱ्याला वेगळे पैसे खर्च करायचं कारण उरत नाही.

तिसरे, घरातली वडीलधारी माणसं. ज्यांना केबल लावणं, ब्लूटूथ जोडणं, मध्येच आलेला फोन बाजूला सारून पुन्हा नकाशा काढणं जड जातं, त्यांना गाडी सुरू केली की समोर नकाशा, हे सुख मोठं आहे. सत्तरीतले आई-बाबा स्वतः गाडी चालवत मुलीकडे कोल्हापूरहून ठाण्याला जाणार असतील, तर मी त्यांना आतलंच नॅव्हिगेशन घ्यायला सांगेन आणि घराचा, मुलीच्या इमारतीचा, डॉक्टरांचा पत्ता आधीच साठवून देईन.

बोगद्याचा मुद्दा शोरूममध्ये हमखास निघतो. तो खरा आहे, पण लहान आहे. बोगद्यात उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत. आतल्या नॅव्हिगेशनला चाकाचा वेग आणि वळण कळत असल्याने बाण पुढे सरकत राहतो. मोबाईल अंदाजाने चालतो किंवा थांबतो. पण कोस्टल रोडचा दोन किलोमीटरचा बोगदा किंवा समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा, दोन्हीकडे आत वाट फुटत नाही, सरळ जायचं असतं. याचा खरा उपयोग होतो बोगद्याच्या तोंडाशी लगेच वळण असेल तिथे. उलट नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, अशा ठिकाणी आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे ओळखताना गाडी आणि मोबाईल दोघेही गडबडतात. गूगलने २०२४ मध्ये भारतातल्या चाळीस शहरांत उड्डाणपुलाची सूचना देणं सुरू केलं, त्याचा अशा जागी उपयोग होतो.

मोबाईलचा खर्च

मोबाईलही अगदी फुकट नाही. चांगली केबल, नीट बसणारा होल्डर आणि जलद चार्जर यांत हजार ते अडीच हजार रुपये जातात. गाडीत केबलचं अँड्रॉइड ऑटो असेल आणि वायरलेस हवं असेल, तर तीन ते सहा हजारांत अडॅप्टर मिळतो. डेटा अगदी कमी लागतो, तासाला साधारण पाच-दहा एमबी. रोजच्या पॅकमध्ये तो जाणवतही नाही.

उन्हाळा मात्र जाणवतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे काचेला चिकटवलेला मोबाईल तासाभरात इतका तापतो की स्क्रीन मंद होतो आणि चार्जिंग थांबतं. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं ॲपलच सांगतं. होल्डर काचेवर लावण्यापेक्षा एसीच्या जाळीवर लावा, म्हणजे मोबाईल गार राहतो आणि समोरचा रस्ताही झाकला जात नाही. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण असते, तिच्यावर होल्डर कधीही चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर तो होल्डर शेजारी बसलेल्याच्या तोंडावर आदळेल. गाडीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो असेल तर मोबाईल कप्प्यात ठेवता येतो आणि हा सगळा त्रास वाचतो. म्हणूनच पैसे स्क्रीनला द्या, असं मी म्हणते.

कायद्याची शंका बऱ्याच जणांना असते. गाडी चालवताना हातात फोन धरून बोलणं हा मोटार वाहन कायद्याने धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने मोबाईलचा उपयोग फक्त रस्ता बघण्यासाठी करता येतो. फोन होल्डरमध्ये हवा आणि पत्ता निघण्यापूर्वीच टाकलेला हवा. चालत्या गाडीत पत्ता टाइप करणं तेवढंच धोक्याचं आहे, मग तो मोबाईलवर टाका की कंपनीच्या स्क्रीनवर.

जुन्या गाडीला बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवणं हा मधला मार्ग. साधारण दहा ते वीस हजारांत काम होतं. बसवताना मूळ वायर कापू देऊ नका. आपल्या गाडीचा कपलर मागा, नाहीतर वॉरंटीत वाद निघतो. विमा कंपनीला कळवून तो इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत लिहून घ्या. त्यासाठी त्याच्या किमतीच्या चार टक्के जास्तीचा हप्ता पडतो. वीस हजारांचा स्टिरिओ असेल तर आठशे रुपये. चोरीला गेला तर हे आठशे रुपये कामाला येतात.

नकाशा चुकतो तेव्हा

एका बाबतीत महागडं आणि फुकट यांत काहीच फरक नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक गाडी रात्री नकाशा बघत बघत पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एका माणसाचा जीव गेला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखालीच असतो. तिथल्या माणसांना हे माहीत आहे, नकाशाला नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता आणि नकाशावर तो अखंड होता.

म्हणून रात्री, पावसात, अनोळखी खेड्यातून जाताना नकाशा आडवाटेने वीस मिनिटं वाचवत असेल तर ती वीस मिनिटं सोडून द्या आणि राज्य महामार्ग धरा. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बंद केले जातात. मुंबई-गोवा महामार्गावर कामांमुळे वळणं बदलत राहतात. टपरीवर, पेट्रोल पंपावर थांबून 'पुढचा पूल चालू आहे का दादा?' हा प्रश्न विचारायला लाजू नका.

शोरूममध्ये काय तपासायचं

टेस्ट ड्राइव्हला गेलात की सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिमची माहिती उघडा आणि नकाशाची आवृत्ती बघा. नव्या गाडीतच दोन वर्षं जुना नकाशा असेल तर पुढे काय होणार, हे उघड आहे. मग आपलं गाव टाका. तालुका सापडणारच, आपली वाडी, आपल्या सोसायटीचं नाव, गावातलं देऊळ सापडतं का बघा. 'अटल सेतू' टाकून वाट कशी दाखवतो ते बघा. आवाज कोणत्या भाषेत आहे आणि रस्त्यांची मराठी नावं ओळखू येतील अशी उच्चारतो का, तेही ऐका. मग तोच पत्ता मोबाईलवर टाकून दोन्ही बाजूबाजूला ठेवा आणि तुमच्या ओळखीच्या, गर्दीच्या चौकातून गाडी काढा. कोण आधी सांगतं, कोण उशिरा, हे दहा मिनिटांत कळतं. अँड्रॉइड ऑटो नुसतं कागदावर बघू नका. तुमचाच मोबाईल, तुमच्याच केबलने जोडून बघा, आणि वायरलेस असेल तर ते मध्येच तुटतं का तेही.

कोटेशनवर चार गोष्टी लिहून मागा: नकाशाचं अपडेट किती वर्षं फुकट, ते कुठे आणि कसं मिळणार, कनेक्टेड सेवेची वर्गणी किती वर्षांनी सुरू होणार आणि आजचा तिचा दर किती. तोंडी आश्वासन देणारा सेल्समन वर्षभरात दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असू शकतो. लिहून दिलेलं मिळालं नाही, तर आधी कंपनीला ईमेल करा आणि तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कोटेशन आणि ब्रोशर दोन्ही जपून ठेवा. ब्रोशरमध्ये छापलेली सोय गाडीत नसेल तर ते छापील पानच तुमचा पुरावा.

वापरलेली गाडी घेत असाल तर नॅव्हिगेशनसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पाच वर्षं जुन्या गाडीतला नकाशा अपडेट होतो का, मूळ मालकाच्या नावची वर्गणी तुमच्या नावावर होते का, आणि एसडी कार्ड जागेवर आहे का, एवढं विचारा. आणि आपली गाडी विकत असाल तर किल्ली देण्याआधी सिस्टिम फॅक्टरी रीसेट करा, मोबाईलवरच्या कंपनीच्या ॲपमधूनही गाडी काढून टाका. नाहीतर 'होम' या बटणाखाली तुमच्या घराचा पत्ता आणि मुलांच्या शाळेचा रस्ता तसाच राहतो, आणि नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे हे तुमच्या ॲपवर दिसत राहतं.